हात म्हणजे किती बोटं

गुरुवारी मागांना सुट्टी.
शेडमध्ये इतकं शांत की कानात दडे बसल्यासारखं होतं,
आणि आम्ही चौघं एका जुन्या चादरीवर
(मोराची मान एका बाजूला चुकलेली, म्हणून विकली गेली नाही)
नकाशा मांडून बसतो.
मी खेळ चालवतो. म्हणजे राक्षस माझे, दऱ्या माझ्या,
आणि भांडण लागलं की शिव्याही मलाच.

दाऊद नदाफ दोन महिने एकच हत्यार घडवतोय.
लांब दांड्याचा कोयता: जड, दोन हातांचा, पोच दहा फूट.
तिसऱ्या पातळीला त्यानं घेतलं 'पहारा':
पोचेत कुणी पाऊल टाकलं की आपली पाळी नसतानाही एक वार.
सहाव्या पातळीला 'खिळा':
वार लागला की समोरच्याची चाल तिथंच संपली.
सुटी वाचली तर दोन्ही साधी.
एकत्र केली की त्या गोलात
माशीसुद्धा त्याला विचारून बसते.
"भुईकोटाचा दरवाजाच झालो की बे मी," म्हणाला,
आणि शेंगाचटणीचा अंगठा
नेमका शक्तीच्या रकान्यात उमटवला.

आज त्याला वर ढाल पाहिजे होती.
नवव्या पातळीची 'एकहाती पकड'.

राजेश्वरी येमूल टॉवेलच्या कारखान्यात बिलं तपासते.
नियमही ती तसेच वाचते, ओळीखाली पट्टी धरून.
"ही पकड जड हत्याराला चालते. लांब हत्याराला चालत नाही.
कोयता जडही आहे, लांबही.
कुठलं कलम धरायचं?"
इरेश म्हणाला, फायद्याचं.
ती म्हणाली, तसं असतं तर मला पगार कशाला दिला असता.

दारातलं ऊन सरकत पहिल्या मागाच्या पायाशी आलं.
इथं कुणीतरी ताणाबाणा म्हणेल;
सोलापुरात कशाचंही शेवटी तेच करतात.
मी म्हणणार नाही.
नियम नियमात अडकला होता, एवढंच,
आणि गाठ कुठं बसलीय ते दिसत नव्हतं.

मग दाऊदनं उजवा हात चादरीवर ठेवला.
मधली दोन बोटं पट्ट्यात गेली, त्याला अकरा वर्षं झाली.
आम्हाला सवय आहे. आम्ही बघत नाही.
"पुस्तक म्हणतंय दोन हात लागतात.
हात म्हणजे किती बोटं, ते कुठल्या पानावर दिलंय?"

राजेश्वरीनं खरंच शोधलं.
सूची, तळटीपा, शेवटचं शुद्धिपत्र.

"दया नको बे," तो मला म्हणाला, "निकाल दे."

मी निकाल दिला:
ढाल घे. पण ढाल हातात असेपर्यंत पहारा पाच फुटांचा.
एका हातानं दांडा आखूड धरावा लागतो, नाहीतर तोल जातो.
तो जरा वेळ गप्प बसला. मग मान हलवली.
"हे बरोबर हाय. तोल जातोच."

दगडी रक्षक पाच फुटांत शिरला.
दाऊदनं तीन बोटांत फासा धरला, फेकला,
आणि तो चादर ओलांडून थेट मागाखाली.
मोबाईलच्या उजेडात आम्ही पालथे पडलो.
कापसाच्या भुशात रुतला होता, वर आकडा वीस.
इरेश ओरडलाच.

"चादरीबाहेरचा धरायचा नसतोय," दाऊद म्हणाला.
कुणी काही बोललं नव्हतं. त्यानंच म्हटलं.
भुसा फुंकून काढला. पुन्हा फेकला.

सात. शक्तीचे पाच. बारा.
रक्षकाचं चिलखत तेरा.

मी रक्षकाचं प्यादं उचललं, पुढं सरकवणार,
तेवढ्यात राजेश्वरीची पट्टी नकाशावर आडवी आली.
"थांब. मी त्याच्या पाठीला पाठ लावून उभी आहे.
पान एकशे बारा, खालून चौथी ओळ.
अधिक एक.
ह्यानं मांडलाच नाही."